कोणता प्रशिया, कोणत्या साली? : नकाशावरून पुसलेल्या राज्याच्या कोशनोंदी कशा लावाव्यात

प्रशिया या आज नकाशावर नसलेल्या जर्मन राज्याबद्दल मराठी कोशात लिहिताना माझी पहिली चूक खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसच्या नोंदीत झाली. मूळ मजकुरात जन्मस्थळ 'थोर्न, रॉयल प्रशिया' असे होते. मी बिनधास्त लिहिले, 'थोर्न, प्रशियाचे राज्य'. कोपर्निकस १४७३ साली जन्मला आणि प्रशियाचे राज्य १७०१ साली स्थापन झाले. म्हणजे माणूस मी राज्याच्या २२८ वर्षे आधी त्याचा प्रजाजन करून टाकला होता. १४७३ मध्ये थोर्न पोलंडच्या राजाच्या सत्तेखाली होते. पुढे दुरुस्ती करताना चाळीसेक नोंदी उघडल्या, तर तीच गफलत निम्म्या ठिकाणी. तेव्हा लिहिणे थांबवले आणि आधी मांडणी केली.

ती मांडणी कशी करायची, ते इथे सांगतो. मराठी विकिपीडियावर काम करणाऱ्याला हे लागू पडेलच. स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा कॉलेजसाठी छोटा कोश करणाऱ्यालाही चालेल.

आधी वही, मग नोंद

'प्रशिया' हे एका जागेचे नाव नाही. बाल्टिक किनाऱ्यावर निघालेले हे नाव सात शतकांत ऱ्हाइन नदीच्या पलीकडे जाऊन पोहोचले, आणि वाटेत त्याचा अर्थ अनेकदा बदलला. म्हणून पहिले काम म्हणजे नावांची वही. प्रत्येक प्रशियाला एक पान. वर नाव, खाली दोन तारखा, मालक कोण, राजधानी कोणती. माझ्या वहीत ही पाने आहेत:

- मूळ प्रशियन लोकांचा प्रदेश. हे लोक जर्मन नव्हते. त्यांची भाषा लिथुएनियन आणि लाटव्हियनच्या कुळातली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती बोलणारे उरले नाहीत.
- ट्यूटॉनिक संघाचे राज्य. तेराव्या शतकात या धर्मयोद्ध्यांनी प्रदेश जिंकला, १२५५ मध्ये क्योनिग्सबेर्ग वसवले, १३०९ पासून मारिएनबुर्गच्या किल्ल्यातून कारभार केला.
- पोलंडच्या राजाखालचा पश्चिमेकडचा प्रशिया, म्हणजेच रॉयल प्रशिया. १४६६ च्या थोर्नच्या तहाने संघाच्या हातून गेलेला भाग. कोपर्निकस इथला.
- प्रशियाची डची, म्हणजे ड्यूकचा मुलूख. १५२५ मध्ये संघप्रमुख आल्ब्रेख्ट याने लूथरचा पंथ स्वीकारला, संघाचे उरलेले राज्य स्वतःच्या घराण्याचे केले आणि क्राकोला जाऊन पोलंडच्या राजापुढे मांडलिकीची शपथ घेतली.
- ब्रांडेनबुर्ग-प्रशिया. १६१८ मध्ये वारसाहक्काने डची ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरकडे आली (हा शब्द पुढे उलगडतो). धनी एक, पण मुलूख दोन, मध्ये पोलंड.
- प्रशियाची राजेशाही. १८ जानेवारी १७०१ ते नोव्हेंबर १९१८.
- प्रशिया नावाचा प्रांत. पूर्व आणि पश्चिम प्रशिया हे दोन प्रांत १८२९ ते १८७८ या काळात एकत्र होते, त्याचे नाव नुसते 'प्रशिया'. प्रशियाच्या आत प्रशिया.
- प्रशिया हे जर्मन प्रजासत्ताकाचे घटक राज्य. १९१८ ते १९४७.

यातले कुठलेही पान गाळू नका. प्रांताचे पान मी सुरुवातीला क्षुल्लक म्हणून सोडले होते. १८५० च्या सुमाराचे दस्तऐवज वाचू लागलो, तेव्हा 'प्रशियात पीक बुडाले' हे वाक्य अख्ख्या राज्याबद्दल आहे की कोपऱ्यातल्या प्रांताबद्दल, हेच कळेना.

शब्दांचे सापळे

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी वाटते आणि सगळ्यात जास्त वेळ वाचवते. भाषांतराचे यंत्र वापरा किंवा शब्दकोश, प्रशियाच्या इतिहासातले ठरावीक शब्द मराठीत हमखास फसतात.

'रॉयल प्रशिया'चे 'राजकीय प्रशिया' केले की वाचक पॉलिटिकल समजतो. 'शाही प्रशिया' बरे. 'ऑर्डर'चा 'आदेश' होतो आणि ट्यूटॉनिक आदेशाने किल्ले बांधले असे वाचायला मिळते, 'संघ' लिहा. 'ग्रँडमास्टर' म्हटले की आजच्या वाचकाच्या डोळ्यापुढे बुद्धिबळाचा पट येतो, 'संघप्रमुख' लिहा. 'इलेक्टर'चा 'मतदार' झालेला मी स्वतः पाहिला आहे. ब्रांडेनबुर्गचा मतदार बर्लिनमध्ये राजवाडा बांधतो! 'इलेक्टर' तसाच ठेवा आणि पहिल्या उल्लेखात सांगून टाका की पवित्र रोमन सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या मोजक्या सत्ताधीशांपैकी हा एक.

'पूर्व प्रशिया' हा शब्द मराठीत दुधारी आहे. पूर्व म्हणजे दिशा, आणि पूर्व म्हणजे आधीचा. म्हणून दिशेसाठी 'पूर्व प्रशिया' आणि काळासाठी कायम 'पूर्वीचा' किंवा 'जुना'. आणि हो, प्रशिया आणि रशिया यांत एका जोडाक्षराचा फरक. सप्तवार्षिक युद्धात १७५८ ते १७६२ रशियन फौजा पूर्व प्रशियात तळ ठोकून होत्या, क्योनिग्सबेर्गमध्ये राहणारा तत्त्वज्ञ कांट त्या काळात रशियन अमलाखाली शिकवत होता. त्या चार वर्षांच्या नोंदींचे मुद्रितशोधन झोप आलेली असताना करू नये.

'राज्य' हा शब्दही जपून वापरा. राजाचे ते राज्य, आणि महाराष्ट्र हेही राज्य. १९१८ नंतरच्या प्रशियाला जर्मनमध्ये 'फ्रायश्टाट' म्हणत. त्याचे 'मुक्त राज्य' केले की तो स्वतंत्र देश वाटतो. त्या शब्दाचा अर्थ इतकाच, की इथे राजा नाही. म्हणून मी १७०१–१९१८ साठी 'राजेशाही' आणि १९१८–१९४७ साठी 'घटक राज्य' असे दोन शब्द कायमचे ठरवले. 'संस्थान' छोट्या जर्मन राज्यांना एकवेळ शोभते, पण आपल्याकडे त्या शब्दामागे सांगली-कोल्हापूर आणि ब्रिटिश रेसिडेंट उभे असतात. प्रशियाला तो लावू नका.

एका ठिकाणी मात्र मराठी उपयोगी पडते. १७०१ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा फ्रेडरिक स्वतःला 'प्रशियातला राजा' म्हणवत होता. 'प्रशियाचा राजा' म्हणायची सोय नव्हती, कारण निम्मा प्रशिया अजून पोलंडकडे होता. आणि अभिषेक बर्लिनमध्ये न होता क्योनिग्सबेर्गला झाला, कारण ते गाव पवित्र रोमन साम्राज्याच्या हद्दीबाहेर होते. १७७२ च्या पोलंडच्या फाळणीत मधला पट्टा हाती आल्यावर त्याचा नातू 'प्रशियाचा राजा' झाला. 'तला' आणि 'चा' एवढ्या प्रत्ययांत अख्खे शतक मावते, तेव्हा नोंदीत हे प्रत्यय गुळगुळीत करू नका.

नऊ राजे, दोन नावे

राजे एकूण नऊ, आणि नावे फ्रेडरिक व विल्हेल्म अशी दोनच, सुटी किंवा जोडून. फ्रेडरिक, फ्रेडरिक विल्हेल्म, विल्हेल्म. त्यात क्रमांक पदाप्रमाणे बदलतात. १७०१ मध्ये राजा झालेला फ्रेडरिक पहिला हाच आधी ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर फ्रेडरिक तिसरा होता. १८८८ मध्ये ९९ दिवस गादीवर बसलेला सम्राटही फ्रेडरिक तिसरा. 'थोरला इलेक्टर' फ्रेडरिक विल्हेल्म (१६४०–१६८८) हा राजांच्या मोजणीत येतच नाही. त्याचा नातू, 'शिपाई राजा', तो फ्रेडरिक विल्हेल्म पहिला.

उपाय साधा आहे. शीर्षकात नाव, क्रमांक आणि प्रदेश: 'फ्रेडरिक दुसरा, प्रशिया'. 'फ्रीडरिश', 'फ्रेडरिक द ग्रेट', 'महान फ्रेडरिक' या सगळ्यांवरून पुनर्निर्देशन, म्हणजे त्या नावाने शोधणारा याच पानावर येईल अशी सोय. नुसत्या 'फ्रेडरिक तिसरा' या नावाचे निःसंदिग्धीकरण पान (एकाच नावाच्या व्यक्तींची यादी) आधी तयार करा, मग व्यक्तीचे लिहा. उच्चाराबद्दल माझे मत असे की जे नाव मराठीत रुळले ते तसेच ठेवावे (प्रशिया, बर्लिन, बिस्मार्क, फ्रेडरिक), आणि जे रुळलेले नाही ते जर्मन उच्चाराच्या जवळ लिहावे. शुद्धतेच्या हट्टापायी 'प्रॉयसन' लिहिले तर कुणीही शोधणार नाही.

खोड आधी, फांद्या नंतर

नवखा लेखक लढायांपासून सुरुवात करतो. मीही केली. येना, क्योनिग्ग्रेत्स, सेदान अशी पाने तयार झाली आणि ती ज्या झाडाला टांगायची ते झाडच नाही! म्हणून आधी खोडाच्या नोंदी: वहीतली आठ पाने, प्रशियाचे राजघराणे होहेनत्सोलर्न, १८०७ नंतरच्या सुधारणा, जर्मन जकात संघ आणि १९४७ चे विसर्जन. एवढ्यावर अख्खा विषय उभा राहतो.

यातली १८०७ ची नोंद भरघोस करा. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी येना आणि आवरश्टेट इथे एकाच दिवशी नेपोलियनच्या सैन्यापुढे प्रशियाची फौज मोडली, पुढच्या वर्षी टिल्झिटच्या तहात जवळजवळ निम्मा मुलूख गेला. त्या धक्क्यातून भूदासत्व रद्द करणारा ऑक्टोबर १८०७ चा हुकूम आला, श्टाइन आणि हार्डेनबेर्ग यांच्या प्रशासकीय सुधारणा आल्या, शार्नहोर्स्टची सैन्यरचना आली, आणि १८१० मध्ये हुम्बोल्टच्या कल्पनेतले बर्लिन विद्यापीठ सुरू झाले. मराठीत प्रशिया म्हटले की बूट आणि बंदूक एवढेच आठवते. शाळेच्या पुस्तकांत बिस्मार्क येतो, 'रक्त आणि लोखंड' येते, धडा संपतो. खोडाची ही नोंद नीट झाली तर बाकीच्या पानांचा तोल आपोआप सावरतो.

प्रत्येक खोडनोंदीची पहिली पाच वाक्ये ठरावीक साच्यात बसवा. उदाहरणार्थ डचीची माझी सुरुवात अशी आहे:

'प्रशियाची डची हे बाल्टिक समुद्राच्या आग्नेय किनाऱ्यावरचे १५२५ ते १७०१ या काळातले राज्य. राजधानी क्योनिग्सबेर्ग (आजचे रशियातील कालिनिनग्राद). १६५७ पर्यंत ते पोलंडच्या राजाचे मांडलिक होते. १६१८ पासून त्याचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर ही एकच व्यक्ती असे. हे राज्य पवित्र रोमन साम्राज्याचा भाग नव्हते.'

कुठे, केव्हा, कोणाच्या हाताखाली, साम्राज्याच्या आत की बाहेर. शेवटचे वाक्य लोक विसरतात आणि नेमके त्याच्यावरच १७०१ चे सगळे अवलंबून असते. माहितीचौकटीत (नोंदीच्या बाजूची ठळक माहितीची चौकट) 'आधीचे' आणि 'नंतरचे' हे दोन रकाने भरले की साखळी जुळते. साखळी एखाद्या ठिकाणी तुटली तर समजायचे की वहीतले एक पान राहिले.

प्रांत आणि गावे

१८१५ मध्ये व्हिएन्नाच्या काँग्रेसनंतर (नेपोलियननंतर युरोपच्या सीमा ठरवणारी परिषद) प्रशियाचे दहा प्रांत पाडले गेले. १८२२ मध्ये ऱ्हाइनकाठचे दोन एक झाले. १८६६ च्या युद्धानंतर हॅनोव्हर, श्लेस्विग-होल्श्टाइन आणि हेस्से-नासाऊ हे तीन नवे आले. १८७८ मध्ये प्रशिया प्रांत पुन्हा दुभंगला, तेव्हा संख्या बारा झाली. १९१० च्या जनगणनेत या सगळ्याची लोकसंख्या सुमारे ४ कोटी, क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ४८ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आजच्या महाराष्ट्रापेक्षा थोडे मोठे, आणि तेव्हाच्या जर्मन साम्राज्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग.

सापळा सॅक्सनीचा. 'सॅक्सनी प्रांत' प्रशियाचा, राजधानी माग्डेबुर्ग; 'सॅक्सनीचे राज्य' वेगळे, राजधानी ड्रेस्डेन. दोन्ही शेजारी, दोन्ही एकाच काळात. दुवा देताना नेहमी पूर्ण नाव द्या.

प्रांताखाली 'रेगिरुंग्सबेत्सिर्क' आणि त्याखाली 'क्राइस' येतो. पहिल्याला आपला महसुली विभाग जवळचा, म्हणून 'विभाग' चालेल. क्राइसला 'जिल्हा' म्हणतात, पण तो आपल्या जिल्ह्याच्या मानाने फार लहान, तालुक्याच्या जवळ जाणारा. त्याच्या प्रमुखाला, लांडराटला, 'कलेक्टर' म्हणायचा मोह टाळा. कलेक्टर बदलून येतो. एल्बे नदीच्या पूर्वेकडचा लांडराट बहुधा त्याच मुलखातला जमीनदार असे. त्या फरकातच तिथले राजकारण आहे.

गावाच्या नोंदीचे शीर्षक आजच्या नावाने: व्रोत्सवाफ, श्चेचिन, ग्दान्स्क, कालिनिनग्राद. मजकुरात मात्र त्या काळाचे नाव. 'कांटचा जन्म कालिनिनग्रादमध्ये झाला' असे लिहू नका. ते नाव १९४६ चे आहे. लढायांच्या बाबतीत आणखी एक पेच: १४१० ची लढाई पोलिश लोकांसाठी ग्रुन्वाल्ड, जर्मनांसाठी टानेनबेर्ग, लिथुएनियनांसाठी जाल्गिरिस. १९१४ मध्ये जर्मनांनी आपल्या विजयाला मुद्दाम टानेनबेर्ग नाव दिले, जुना पराभव पुसायला. म्हणून शीर्षकात साल घालाच आणि तिन्ही नावे पहिल्या ओळीत द्या. कुणाची बाजू घेतली असा आरोप निदान शीर्षकावरून होणार नाही.

माणसे कुठे ठेवायची

इथे आपल्या ओळखीचे लोक भेटतात. फ्रान्झ कीलहॉर्न १८४० मध्ये ओस्नाब्रुकला जन्मला, तेव्हा ते हॅनोव्हरच्या राज्यात होते. १८६६ मध्ये तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायला आला, आणि त्याच वर्षी हॅनोव्हरचे राज्य प्रशियाने गिळले. १८८१ मध्ये पुणे सोडून तो ग्योटिंगेनला प्राध्यापक म्हणून गेला, तेव्हा ग्योटिंगेन प्रशियाच्या हॅनोव्हर प्रांतात होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातला गेऑर्ग ब्यूलर, जन्म १८३७, तोही हॅनोव्हरचाच. आता हे दोघे 'प्रशियन विद्वान' या वर्गात बसतात का?

माझा नियम असा. 'जन्म' या रकान्यात जन्मावेळचे राज्य, जसेच्या तसे. 'प्रशियातील व्यक्ती' हा वर्ग फक्त अशांना, ज्यांचे महत्त्वाचे काम प्रशियाच्या हद्दीत, त्या तारखेला, झाले. त्यामुळे ग्योटिंगेनमधल्या कामामुळे कीलहॉर्न या वर्गात येतो, व्हिएन्नाला गेलेला ब्यूलर येत नाही. हॅनोव्हरमध्येच जन्मलेला संस्कृतचा अभ्यासक आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल येतो, कारण १८१८ पासून तो बॉनमध्ये होता आणि बॉन १८१५ पासून प्रशियाचे. त्याने १८२३ मध्ये तिथे भगवद्गीता देवनागरीत छापली. मराठी वाचकासाठी प्रशियाशी जोडणारा याहून जवळचा धागा मला सापडलेला नाही, म्हणून ऱ्हाइन प्रांताच्या नोंदीत मी तो वरच घेतला.

तारखा आणि मापे तपासताना

शिवजयंतीच्या तारखेचे वाद ऐकत मोठे झालेल्यांना जुने आणि नवे कॅलेंडर समजावायला नको. प्रॉटेस्टंट जर्मन राज्यांनी नवे कॅलेंडर १७०० मध्ये स्वीकारले. १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च. पोलंडशी बांधलेल्या डचीत मात्र ते सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच आले होते. म्हणजे अनेक दशके एकाच धन्याच्या दोन राजधान्यांत दहा दिवसांचा फरक. सतराव्या शतकातली तारीख लिहिताना कोणत्या गावातली, हे वहीत नोंदवा.

प्रशियन मैल इंग्रजी मैलापेक्षा कितीतरी मोठा, साडेसात किलोमीटर. जुन्या वर्णनात 'फौज तीन मैल चालली' असेल तर ती बावीस-तेवीस किलोमीटर चालली होती. मी एका लढाईचे पान यामुळे पूर्ण उलटे लिहिले होते. फौज दमलेली का होती ते मला कळत नव्हते.

मूळ कागदपत्रांच्या वाटेला जाणार असाल तर दोन गोष्टी. जुनी जर्मन छपाई फ्राक्टुर लिपीत असते आणि तिच्यातला लांब 'एस' अगदी 'एफ'सारखा दिसतो. स्कॅनमधून काढलेल्या मजकुरात नावे त्यामुळे बिघडतात. दुसरे, शीतयुद्धाच्या काळातल्या पुस्तकांत 'मर्सेबुर्ग' असा हवाला दिसला तर ते कागद आता तिथे नाहीत. युद्धानंतर पूर्व जर्मनीत राहिलेले प्रशियन दप्तर एकीकरणानंतर बर्लिनमधल्या डालेमच्या अभिलेखागारात परत गेले.

आणि एकोणिसाव्या शतकातले जर्मन इतिहासकार वाचताना मिठाचा खडा सोबत ठेवा. ड्रॉयझेन, ट्राइट्श्के यांच्या लेखी जर्मनी एक करण्यासाठीच प्रशिया जन्माला आला होता. त्यांच्याकडून तारीख घ्या, विशेषण घेऊ नका.

शेवटची तारीख कोणती

माहितीचौकटीत 'अंत' हा रकाना एकच असतो आणि प्रशियाचे अंत किमान तीन आहेत. २० जुलै १९३२ रोजी जर्मनीचा चान्सलर पापेन याने प्रशियाचा पंतप्रधान ओट्टो ब्राउन याचे काळजीवाहू सरकार बाजूला सारले. राजकारण तिथे संपले. १९४५ मध्ये पूर्वेकडचा मुलूख पोलंड आणि सोव्हिएत संघाकडे गेला; भूगोल तिथे संपला. २५ फेब्रुवारी १९४७ रोजी दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने कायदा क्रमांक ४६ काढून राज्य रद्द केले. कागद तिथे संपला. चौकटीत १९४७ घाला, कारण कायदेशीर तारीख तीच. बाकीच्या दोन्हींना मजकुरात स्वतंत्र परिच्छेद द्या. त्या कायद्यात प्रशिया हा पूर्वापार लष्करशाहीचा वाहक असल्याचे म्हटले आहे. ते विधान कायद्याच्या तोंडी ठेवा, तुमच्या नाही. ब्राउनचे प्रशिया सरकार हा वायमार काळातला (हिटलरच्या आधीचे जर्मन प्रजासत्ताक) लोकशाहीचा सर्वात टिकाऊ बुरूज होता, हेही त्याच पानावर यायला हवे.

उरलेसुरले

वहीच्या मागच्या बाजूला एक पान 'कुठेच न बसणारे' म्हणून ठेवा. माझ्या पानावर सध्या पाच नावे आहेत. नॉइशातेल, आज स्वित्झर्लंडमध्ये, १७०७ पासून प्रशियाच्या राजाचे आणि १८५७ मध्ये त्याने हक्क सोडलेले. दक्षिणेत श्वाबियातला होहेनत्सोलर्न मुलूख, घराण्याचे मूळ गाव, पण प्रशियात आला तो १८५० मध्ये. मोरेनेट, जस्ताच्या खाणीवरून भांडण मिटेना म्हणून १८१६ पासून शंभरेक वर्षे कुणाचेच न राहिलेले चिमुकले खेडे. आफ्रिकेच्या सुवर्णकिनाऱ्यावरचा ग्रोस-फ्रीडरिश्सबुर्ग किल्ला, ब्रांडेनबुर्गने १६८३ मध्ये बांधलेला. आणि एम्डेन बंदर: १७४४ मध्ये फ्रेडरिक दुसऱ्याच्या हाती आले, तिथून त्याने आशियाशी व्यापाराची कंपनी काढली, १८१५ मध्ये ते हॅनोव्हरकडे गेले, १८६६ मध्ये पुन्हा प्रशियाकडे. १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागणाऱ्या युद्धनौकेला याच गावाचे नाव होते. तिची नोंद एम्डेनखाली लावायची की जर्मन आरमाराखाली, हे मी अजून ठरवतो आहे.